समुद्रशेवाळाचे बियाणे रोपवाटिकेतून समुद्रातील शेतापर्यंत जिवंत कसे न्यावे

वडोदऱ्याला समुद्र नाही. आम्हाला सर्वांत जवळचा समुद्र कावी-कंबोईचा, जिथे स्तंभेश्वर महादेवाचे मंदिर भरतीत पाण्याखाली जाते आणि ओहोटीत पुन्हा उघडे पडते. पण खंभातच्या आखाताचे ते पाणी गाळाने गढूळ आणि नद्यांच्या गोड्या पाण्याने सौम्य झालेले असते, त्यामुळे शेवाळाच्या शेतीला ते उपयोगाचे नाही. तरीही गेली काही वर्षे समुद्रशेवाळाचे बियाणे माझ्या हातून जाते, कारण तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून सौराष्ट्राकडे निघालेल्या गाडीला वडोदरा हा वाटेवरचा सोयीचा थांबा आहे. वनस्पतिशास्त्राचे शिक्षण येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले, पण या प्रवासाबद्दल मला जे ठाऊक आहे ते बहुतांशी गाडीच्या मागच्या फळीवर उभे राहून आणि दीवजवळच्या एका खारवी (मच्छीमार) वस्तीतील सखी मंडळाच्या, म्हणजे महिला बचत गटाच्या, बायकांकडून शिकले.

हा लेख मुख्यतः कप्पाफायकस अल्वारेझी या लाल शेवाळाविषयी आहे. यापासून कॅराजीनन हा घट्टपणा आणणारा पदार्थ मिळतो. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने हे शेवाळ 1984 मध्ये भारतात आणले आणि पुढे तमिळनाडूतील मंडपमच्या किनाऱ्यावर त्याची शेती रुजली. याला बी नसते. कोवळ्या फांदीचा तुकडा हेच बियाणे. त्यामुळे बियाण्याची वाहतूक म्हणजे जिवंत, श्वास घेणाऱ्या, पाण्याबाहेर काढलेल्या वनस्पतीची वाहतूक होय, आणि धान्याची पोती नेण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही.

आधी ओहोटी पाहावी, मग गाडी ठरवावी

नवीन माणूस गाडीपासून सुरुवात करतो: गाडी कधी मिळेल, किती वाजता निघेल, किती वाजता पोहोचेल. मी नेमके उलटे करते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक घेऊन लावणीचा दिवस आणि तास आधी ठरवते आणि तिथून मागे मोजत येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाण्याला ओढ जबर असते आणि नुकत्याच बांधलेल्या कोवळ्या फांद्या दोरीवरून निसटतात. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी संथ राहते, म्हणून पहिली लावणी त्याच दिवसांत करावी. त्या दिवशी सकाळची ओहोटी समजा 9 वाजता असेल, तर बियाणे पहाटे 5 पर्यंत किनाऱ्यावर आलेच पाहिजे, कारण बांधणीला चार तास लागतात.

हे चार तास कसे लागतात ते हिशेबाने पाहावे. बांबूच्या 12 फूट लांब आणि 12 फूट रुंद तराफ्यावर 20 दोऱ्या असतात, प्रत्येक दोरीवर सुमारे 15 सेंटिमीटर अंतराने 20 तुकडे बांधतात आणि प्रत्येक तुकडा साधारण 150 ग्रॅमचा असतो. म्हणजे एका तराफ्याला 60 किलो बियाणे आणि 400 गाठी. पाच सराईत बायका बसल्या तरी तीन तराफ्यांच्या 1200 गाठी मारायला सकाळ पुरते न पुरते. सौराष्ट्राच्या उघड्या, लाटांच्या किनाऱ्यावर जाळीच्या नळीची पद्धत अधिक चालते. तीत प्लॅस्टिकच्या पाइपमधून बियाणे जाळीच्या लांब नळीत सरकवतात, त्यामुळे गाठींचा वेळ वाचतो. कोणती पद्धत वापरायची हे गाडी निघण्यापूर्वी ठरलेले असावे, कारण त्यावरच बियाणे किती वाजता पोहोचायला हवे ते अवलंबून असते.

हंगामाचेही असेच आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, शेती उभी ठेवता येत नाही आणि बियाणे टिकवणे कठीण जाते. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिले बियाणे दक्षिणेकडून आणावे लागते. हा काळ आणखी एका कारणाने बरा आहे. मंडपमकडचे पाणी आणि सौराष्ट्राचे पाणी यांच्या तापमानात तेव्हा फार फरक नसतो. जानेवारीत आमच्याकडचे पाणी गार झालेले असते आणि उबदार पाण्यातून आलेल्या फांदीला तो धक्का सोसत नाही. नंतरच्या फेऱ्यांसाठी मात्र जवळच्या शेतातलेच बियाणे घ्यावे. दोन हजार किलोमीटरच्या उत्तम बियाण्यापेक्षा शंभर किलोमीटरचे मध्यम बियाणे बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट गाडी ठरवण्याच्याही आधीची. कप्पाफायकस ही परकी जात आहे. मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ ती प्रवाळांवर पसरल्याच्या नोंदी 2008 पासून आहेत. कच्छच्या आखातात 1982 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथेही प्रवाळ आहेत. म्हणून जागेची परवानगी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडून लेखी घेतल्याशिवाय एक किलोही बियाणे उचलू नये, आणि वाटेत खराब झालेले तुकडे कोणत्याही खाडीत किंवा किनाऱ्यावर टाकू नयेत. ते कडक उन्हात पूर्ण वाळवून खतात मिसळावेत.

तोडणी आणि निवड

बियाणे पहाटे, ऊन वर येण्यापूर्वी काढावे. फांदी हाताने ओढून तोडू नये. ओढल्याने पेशी चिरडल्या जातात आणि तिथूनच कुजण्याची सुरुवात होते. स्टेनलेस स्टीलच्या धारदार चाकूने सरळ काप घ्यावा. चांगला तुकडा हातात घेतल्यावर टणक, किंचित बुळबुळीत आणि लवचिक लागतो, जोराने वाकवल्यास कट् आवाज करून मोडतो, आणि त्याच्या टोकांवर फिकट, कोवळे अंकुर असतात. जुन्या जाड देठाचे वजन भरते पण वाढ होत नाही, म्हणून वजनाला भुलू नये.

पांढरे पडलेले कांडे दिसले की तो संपूर्ण तुकडा बाजूला काढावा. या पांढरेपणाला जगभरचे शेतकरी ‘आइस-आइस’ म्हणतात. उष्णता, क्षारतेतील बदल, मंद प्रकाश किंवा साचलेले पाणी अशा ताणाने शेवाळ दुबळे होते, त्यावर जिवाणू चढतात आणि कांडे पांढरे पडून तुटून जाते. एका पेटीत असे चार तुकडे असले तरी प्रवासाच्या अंधाऱ्या उबेत ते शेजाऱ्यांना खराब करतात. फांदीवर केसांसारखे बारीक तंतू किंवा काळे ठिपके दिसत असतील तर तेही दुसऱ्या शेवाळाचे प्रादुर्भाव असू शकतात आणि आपण ते नव्या समुद्रात नेऊन सोडतो. निवड झाल्यावर स्वच्छ समुद्राच्या पाण्यात तुकडे दोनदा खळबळून गाळ आणि बारीक जीव काढावेत, मग सावलीत जाळीवर 15 ते 20 मिनिटे निथळू द्यावेत.

पाण्यात बुडवून नेण्याचा मोह

मीही पहिल्या वेळी याला बळी पडले होते. समुद्राची वस्तू म्हणून ती पाण्यातच न्यावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पिंपात दाटीने भरलेल्या शेवाळाखालचे पाणी काही तासांतच प्राणवायूविना होते, तापते आणि घाण वास मारू लागते. शिवाय पाण्याचे वजन बियाण्याच्या वजनाहून अधिक होते. मोठ्या फांद्यांसाठी योग्य स्थिती म्हणजे ओलसर, गार, अंधारी आणि हवेशीर.

मी भाजीच्या जाळीदार प्लॅस्टिकच्या क्रेटा वापरते. तळाशी समुद्राच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले गोणपाट, त्यावर बियाण्याचा सैल थर, वर पुन्हा ओले गोणपाट. एका क्रेटमध्ये 12 ते 15 किलोपेक्षा जास्त भरत नाही, कारण ढीग उंच झाला की मधला भाग खताच्या ढिगासारखा आतून तापतो. गोणपाट वडोदऱ्यातील हाथीखान्याच्या धान्यबाजारातून मिळते, पण ते नवे असावे. खताची किंवा कीटकनाशकाची जुनी गोणी कितीही धुतली तरी घेऊ नये. नवी गोणीसुद्धा आधी गोड्या पाण्यात आणि शेवटी समुद्राच्या पाण्यात धुवावी.

बर्फ थेट टाकू नये. बर्फ वितळला की ते गोडे पाणी होते आणि गोडे पाणी समुद्रशेवाळाला विषासमान आहे. बाटल्यांत पाणी गोठवून, त्या वर्तमानपत्रात गुंडाळून क्रेटांच्या मधल्या फटीत उभ्या ठेवाव्यात, शेवाळाला टेकू नयेत. आतले तापमान 22 ते 26 अंशांदरम्यान राहावे. ही उष्ण प्रदेशातील जात आहे, तिला फार थंडीही बाधते. प्रत्येक गाडीत मी एका मधल्या क्रेटमध्ये साधा तापमापक ठेवते, कारण दाराजवळची क्रेट नेहमीच गार लागते आणि फसवते.

प्रयोगशाळेतून ऊतीसंवर्धनाने वाढवलेली दोन-तीन सेंटिमीटरची रोपे हे वेगळे प्रकरण आहे. ती इतकी नाजूक असतात की ओल्या गोणपाटात सुकतात. ती गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात, विरळ, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, थर्माकोलच्या पेटीतून न्यावी लागतात आणि पिशवीत पाण्याहून हवेची जागा अधिक ठेवावी लागते. थंड समुद्रांतील शेवाळांचे नियम आणखी निराळे. जपानमध्ये नोरी शेवाळाचे रोप लागलेली जाळी अर्धवट सुकवून गोठवून ठेवतात आणि महिन्यांनंतर समुद्रात सोडतात. कप्पाफायकसला गोठवणे म्हणजे ते मारणे, म्हणून अशी माहिती वाचून आपल्या बियाण्यावर प्रयोग करू नये.

वाटेवर, आणि वडोदऱ्याचा थांबा

मंडपमहून वडोदऱ्यापर्यंत सुमारे दोन हजार किलोमीटर आणि पुढे दीवपर्यंत आणखी आठ-दहा तासांचा रस्ता. गाडीत दोन चालक असावेत, ताडपत्री फिक्या रंगाची असावी आणि ताडपत्री व क्रेटांमध्ये हातभर जागा असावी, म्हणजे ऊन थेट आत उतरत नाही आणि वारा फिरतो. पण वाऱ्याचा झोत थेट क्रेटांवर येऊ नये, कारण वेगाच्या वाऱ्याने फांद्या उन्हापेक्षाही लवकर सुकतात. प्रत्येक तीन-चार तासांनी सावलीत थांबून वरचे गोणपाट समुद्राच्या पाण्याने शिंपून घ्यावे. यासाठी निघतानाच 20 लिटरचे चार कॅन समुद्राच्या पाण्याने भरून घ्यावेत. वाटेत संपले तर मिठाचे पाणी करून चालत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, पण त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे बरेच काही असते आणि स्वयंपाकघरातल्या मिठात त्यातले काहीच पुरेसे नसते.

माझी पहिली मोठी चूक याच पाण्याची आहे. पहिली गाडी वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातील ओळखीच्या एका शेडमध्ये रात्री उतरवली, कॅन रिकामे झाले होते आणि मदतीला आलेल्या मुलाला मीच सांगितले, ‘जरा पाणी मार, सुकले आहेत.’ त्याने नळाची नळी लावली. आजवा तलावाचे ते गोडे पाणी, ज्यावर मी लहानाची मोठी झाले, त्या फांद्यांवर पडले. पहाटे पाहते तो क्रेटांखालच्या फरशीवर गुलाबी पाण्याचे ओघळ होते, कोणीतरी बीट धुतल्यासारखे. लाल शेवाळाच्या पेशी गोड्या पाण्याने फुगून फुटल्या की त्यांतले लाल रंगद्रव्य असे वाहून जाते. वरून फांद्या तेव्हाही धडधाकट दिसत होत्या. किनाऱ्यावर पोहोचल्यावर सखी मंडळातील वयाने मोठ्या बेनने एक फांदी चिमटीत दाबून पाहिली, नाकाजवळ नेली आणि क्रेट बाजूला सरकवली. चाळीस किलो बियाणे गेले. तेव्हापासून शेडमध्ये नळाच्या तोटीला मी स्वतः फडके बांधून ठेवते, आणि गुलाबी पाणी ही माझ्यासाठी सर्वांत खात्रीची खूण झाली आहे. क्रेटखाली ते दिसले की ती क्रेट समुद्रात न्यायची नाही.

आता थांब्याची व्यवस्था अशी आहे. सौराष्ट्रातून वडोदऱ्याकडे येणारी रिकामी गाडी समुद्राचे पाणी घेऊन येते आणि ते शेडमधल्या 500 लिटरच्या दोन टाक्यांत भरून ठेवले जाते. दक्षिणेकडची गाडी आली की एकेक क्रेट तोलून घेतो. निघतानाच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक घट असेल तर त्या क्रेटची वाट बदलते, ती आधी टाकीत जाते. बाकीचे बियाणेही, एकूण प्रवास 36 तासांहून अधिक होणार असेल, तर रात्रभर टाकीत सैल ठेवते, मत्स्यालयाच्या पंपाने पाणी हलते ठेवते आणि खोली अंधारी न ठेवता मंद दिवा लावते. पाण्यात विश्रांती मिळालेल्या फांद्या सकाळी पुन्हा टणक होतात, हे बोटांना स्पष्ट जाणवते. त्याच वेळी पांढरे पडलेले तुकडे दुसऱ्यांदा वेचून काढता येतात. टाकीतले वापरलेले पाणी गटारात सोडण्यापूर्वी त्यात ब्लीचिंग पावडर मिसळून एक दिवस ठेवावे. वडोदऱ्यापासून समुद्र दूर असला तरी हीच सवय किनाऱ्यावर उपयोगी पडते.

वडोदऱ्याहून संध्याकाळी उशिरा निघावे. वासद, तारापूर, वटामण या मार्गाने भावनगर आणि पुढे तळाजा, महुवा, राजुला, ऊना करत पहाटे दीवच्या किनाऱ्यावर पोहोचता येते. वटामण चौकडीला पहिला शिंपण्याचा थांबा, दुसरा भावनगर ओलांडल्यावर. रात्रीच्या प्रवासाचा खरा फायदा गारव्याचा आहे, आणि त्यात वाहतूक कमी असते ही जमेची बाजू.

किनाऱ्यावर

गाडी पोहोचली की लगेच क्रेटा समुद्रात बुडवण्याची घाई करू नये. आधी क्षारतामापकाने तिथल्या पाण्याची क्षारता पाहावी. दर हजारी 30 ते 35 असेल तर ठीक. जवळच्या नदीला अवकाळी पाऊस येऊन ती 25 च्या खाली उतरली असेल तर लावणी पुढे ढकलून बियाणे टाकीत ठेवावे. कच्छच्या आखाताच्या बाजूला क्षारता उलट 35 च्या वर असते. अशा ठिकाणी बियाण्याला टाकीतच तासाभराने थोडे थोडे स्थानिक पाणी मिसळत सवय लावावी. तापमानातही दोन-तीन अंशांहून अधिक फरक असेल तर तोच मार्ग.

मग सावलीत, टबात, स्थानिक समुद्राच्या पाण्यात अर्धा ते एक तास. सावली म्हणजे खरी सावली, ताडपत्रीचा मांडव. एकदा एका क्रेटमधल्या फांद्या मऊ पडलेल्या पाहून मी पाणी शिंपडू लागले तेव्हा त्याच बेनने माझा हात धरला. ‘बेन, आने तरस नथी, गरमी लागी छे.’ याला तहान नाही, याला उष्मा झाला आहे. तिने क्रेट उचलून मांडवाच्या वाऱ्याच्या बाजूला ठेवली, फांद्या सुट्या केल्या आणि मग पाणी दिले. इतका लांबचा प्रवास केलेली वनस्पती तहानलेली आहे की तापलेली हे ओळखणे महत्त्वाचे आहे. सुकलेली फांदी सुरकुतते आणि हलकी लागते. तापलेली फांदी वजनाला तीच असते, पण मऊ पडते आणि तिला आंबट वास येतो. पहिलीला पाणी द्यावे, दुसरीला आधी हवा.

गाठी बांधताना बांधून झालेल्या दोऱ्या टबातच ठेवाव्यात, वाळूवर नाही. गाठ सैल असावी, करंगळी जाईल इतकी. फांदी वाढते तशी घट्ट गाठ तिला कापते. शेताकडे जाताना दोऱ्या होडीच्या तळाशी ओल्या गोणपाटाखाली ठेवाव्यात, आणि होडीच्या तळाला डिझेल किंवा इंजिनचे तेल मिसळलेले पाणी साचलेले नाही ना, हे स्वतः वाकून पाहावे. तराफा दोरांनी आणि नांगरांनी चारी बाजूंनी पक्का केल्यावर त्याच्या खाली बारीक जाळी बांधावी. कोवळ्या फांद्या चरणारे मासे पहिल्या आठवड्यातच अधिक नुकसान करतात आणि तुटलेले तुकडेही जाळीत अडकून राहतात, बाहेर पसरत नाहीत.

पहिले सात दिवस

लावणी झाली की काम संपले असे समजून बरेच जण दोन आठवडे फिरकत नाहीत. प्रवासाचा ताण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दिसतो, म्हणून त्या दिवसांत रोज एकदा ओहोटीला शेतावर जावे. दोऱ्या हलकेच झटकाव्यात, म्हणजे साचलेला गाळ पडतो. पांढरे पडलेले तुकडे कापून पिशवीत घालून किनाऱ्यावर आणावेत आणि त्यांच्या जागी राखीव बियाणे बांधावे. यासाठी मी प्रत्येक तराफ्यामागे 5 किलो बियाणे जादा मागवते आणि ते जाळीच्या पिशवीत तराफ्यालाच टांगून ठेवते.

प्रत्येक क्रेटचा क्रमांक आणि ती कोणत्या दोऱ्यांवर बांधली याची नोंद वहीत असावी. पाचव्या दिवशी एकाच क्रेटच्या दोऱ्यांवर पांढरेपणा दिसला तर दोष प्रवासातला, सगळीकडे विखुरलेला दिसला तर तिथल्या पाण्याचा किंवा मूळ बियाण्याचा. ही नोंद ठेवू लागल्यावर मला कळले की आमच्या गाडीत डाव्या बाजूच्या मागच्या क्रेटा नेहमी खराब होत होत्या, कारण सायलेन्सरचा पाइप बरोबर त्यांच्या खालून जात होता. आता तिथे रिकाम्या बाटल्या आणि पाण्याचे कॅन ठेवतो. साधारण आठव्या दिवशी कापलेल्या टोकांशी नखाएवढे, फिकट, अर्धपारदर्शक अंकुर फुटतात. ते दिसले की वहीत त्या दोरीपुढे मी बरोबरची खूण करते आणि 45 व्या दिवसाच्या तोडणीसाठी भरती-ओहोटीचे पुढचे पान उघडते.